पाणी पालटतं तेव्हा

(इंदूरच्या मराठी मंडळींसमोर झालेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मंडळी, आपल्या इंदुरात रविवारची सकाळ पोहे-जिलबीची आणि रात्र सराफ्यातल्या खाऊगल्लीतली. मध्ये गळ टाकायला वेळ कुणाला आहे? तरी तुम्ही पाइक आणि बास या परमुलखातल्या माशांच्या शरदातल्या फ्लाय फिशिंगवर बोलायला बोलावलंत, त्याबद्दल आभार. मुलगा अमेरिकेत मिनेसोटात असतो, त्यामुळे माझे बरेच ऑक्टोबर तिकडच्या तळ्यांवर गेले. माझा अधिकार तेवढाच.

आधी फ्लाय फिशिंग म्हणजे काय ते सांगतो. साध्या गळाला वजन बांधतात आणि ते वजन दोरीला ओढत नेतं. इथे उलटं आहे. आमिष म्हणजे आकड्याला बांधलेली पिसं, हरणाच्या शेपटीचे केस आणि थोडी चमकी. त्याला वजन जवळजवळ नसतंच, म्हणून दोरीच जाड आणि जड करतात. काठी मागे-पुढे झुलवली की दोरी हवेत उलगडत जाते आणि आमिषाला पोचवते. पाइकसाठी हे आमिष वीतभर लांब असतं. त्याच्या अलीकडे फूटभर पोलादी तार हवीच, कारण पाइकचे दात साध्या दोऱ्याला दाद देत नाहीत.

तिकडच्या दुकानांत आमिषांचे इतके रंग असतात की माणूस तिथेच अडकतो. शरदात मात्र रंगाचा विचार शेवटी करावा. मी आधी पाण्यात थर्मामीटर सोडतो.

उन्हाळ्यात तिकडच्या खोल तळ्यात पाण्याचे थर होतात. बादलीतल्या गार पाण्यावर हलकेच कढत पाणी सोडलं तर हाताला वर पोळतं आणि तळाशी गारच लागतं, तसंच हे. वरचं ऊन पाणी हलकं, खालचं गार पाणी जड, त्यामुळे वारा सुटला तरी दोन्ही मिसळत नाहीत. तळाशी कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यामुळे तिथला प्राणवायू हळूहळू संपत जातो. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात रात्री गारठतात, वरचं पाणी थंड होऊन जड होतं आणि खाली बुडू लागतं. वरचं आणि खालचं तापमान सारखं झालं की वारा सगळं तळं ढवळून काढतो. पाणी गढूळतं, गाळ वर येतो, कधी वासही येतो. ते काही दिवस मासा धड कुठे थांबत नाही आणि हाडाचे गळकरीही वैतागतात. अशा वेळी त्या तळ्यावर हट्ट धरण्यात अर्थ नाही. जवळपासची नदी गाठावी किंवा उथळ तळं. उथळ तळ्यात असे थर टिकतच नाहीत, त्यामुळे तिथे हा गोंधळ नसतो.

ढवळणं संपलं की खरी मजा. ‘थंडीआधी मासे वाटेल ते खातात’ असं सर्रास सांगतात, पण ते अर्धंच खरं आहे. पाइकच्या बाबतीत बऱ्यापैकी खरं. मोठ्या पाइकला 20 अंशांपुढचं पाणी मानवत नाही, तो उन्हाळाभर गारव्याला खोल दडलेला असतो. शिवाय बर्फ वितळताच तो अंडी घालतो, म्हणून मादीच्या पोटात त्यांची तयारी शरदापासूनच चालू असते. पाणी निवलं की तो काठाकडे येतो. तिथेही कुठलंही पाणगवत त्याला चालत नाही. कुजणारं गवत प्राणवायू खातं. जे अजून हिरवं उभं आहे त्यात लहान मासे आसरा घेतात, आणि त्याच्या कडेला पाइक हलता न हलता टपून असतो.

बासचं गणित निराळं. पाणी 10 अंशांच्या खाली गेलं की स्मॉलमाउथ बास सुस्तावतो आणि खोल, दगडाळ जागी गोळा होतो. तो खातो, पण धावत नाही. त्याच्यासाठी बॉब क्लाउझर यांनी पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना नदीवर बांधलेलं ‘क्लाउझर मिनो’ नावाचं आमिष मला सगळ्यांत आवडतं. डोळ्यांच्या जागी जड धातूचे मणी असल्यामुळे दोरी थांबवली की ते नाकावर बुडतं आणि ओढली की वर उसळतं. आकड्याचं टोक वरच्या बाजूला राहतं, त्यामुळे दगडांत कमी अडकतं. ओढा, थांबा. गार पाण्यात थांबणं लांबवा. झडप बहुधा त्या थांबण्यातच येते.

पाइकने झडप घातली की नवखा माणूस हमखास काठी वर उचलतो. तसं करायचं नाही. काठीचं टोक पाण्याकडेच ठेवून दुसऱ्या हाताने दोरी सरळ मागे खेचायची. त्याचा जबडा हाडांचा आणि टणक, काठीच्या लवचीक ओढीने आकडा रुतत नाही. आणि झडप हुकली, तरी आमिष त्याच्या डोळ्यांसमोरच राहतं. पुष्कळदा तो वळून पुन्हा येतो.

मघाशी कुणीतरी विचारलं, की मग आपल्या यशवंत सागर तलावात बास का सोडू नये? कृपा करून नको. जपानने 1925 मध्ये आशी सरोवरात लार्जमाउथ बास आणून सोडला. तो देशभर पसरला, तिथल्या लहान माशांवर संक्रांत आली आणि 2005 मध्ये त्याला कायद्याने बंदी घालावी लागली. कॅलिफोर्नियात लेक डेव्हिसमध्ये कुणीतरी पाइक सोडला, तर सरकारला 1997 मध्ये आणि पुन्हा 2007 मध्ये सबंध जलाशयात विष घालावं लागलं. यशवंत सागर आणि सिरपूर हे इंदूरचे दोन्ही तलाव 2022 पासून रामसर यादीत, म्हणजे जपायच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहेत. तिथे असले प्रयोग करण्याची गरजही नाही, कारण टपून बसणारा शिकारी आपल्याकडे आहेच: मरळ. तो वर येऊन हवा घेतो, त्यामुळे प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही तगतो. पृष्ठभागावर बुडबुडा फुटला की समजावं, खाली मरळ आहे. त्याच्यापुढे बेडकासारखं तरंगतं आमिष गवतावरून हळू ओढत आणायचं. नर्मदेतला महासीर मात्र 2011 पासून मध्य प्रदेशचा राज्यमासा आहे आणि नदीत तो विरळ होत चाललाय. महेश्वरच्या घाटावर त्याला कणकेच्या गोळ्या घाला, गळ नको.

आणि कुठल्याही तलावावर जाण्याआधी तिथला ठेका कुणाकडे आहे, परवानगी कोण देतं, हे विचारून घ्या. 16 जून ते 15 ऑगस्ट आपल्याकडे मासेमारी बंदच असते. म्हणजे शरदाची वाट तशीही पाहावीच लागते.