मोनरोव्हियाचा दिवा

मंडळी, मालवाहू जहाजाच्या मागच्या अंगाला त्याचं नाव लिहिलेलं असतं आणि नावाखाली एका बंदराचं. जहाज जिथं नोंदलेलं, ते बंदर. कोकणातली जी मुलं ‘बोटीवर’ आहेत, त्यांच्यातल्या कित्येकांनी तिथं ‘मोनरोव्हिया’ वाचलं असेल. ते गाव पाहिलेला मात्र विरळा. जहाजांनाही तिथं जावं लागत नाही.

मोनरोव्हिया ही पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाची राजधानी. देशाची लोकसंख्या आपल्या नाशिक जिल्ह्याहूनही कमी. किनारा मात्र साडेपाचशे किलोमीटरहून लांब. पोर्तुगीज दर्यावर्दींनी इथल्या भूशिरांना नावं दिली: माउंट, मेसुराडो, पाल्मस. पाल्मसपाशी किनारा पूर्वेकडे वळतो.

मोनरोव्हियाला लागूनच्या मेसुराडोच्या टेकडीवर १८५५ साली दीपगृह झालं. स्वातंत्र्याला तेव्हा आठच वर्षं झाली होती. बंदर नव्हतं. जहाजं बाहेर खोल पाण्यात नांगर टाकत आणि क्रू जमातीचे खलाशी लाटा फोडत होड्यांतून माल, माणसं किनाऱ्याला आणत. खरं बंदर व्हायला १९४८ उजाडलं. तोवर येणाऱ्याला खूण म्हणजे ती टेकडी आणि तिच्यावरचा दिवा.

टेकडीच का? पृथ्वी गोल आहे, दिवा कितीही प्रखर असो, क्षितिजापलीकडे दिसत नाही. ढोबळ हिशेब असा: दिव्याची उंची मीटरमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, दुप्पट करा, साधारण तितक्या सागरी मैलांवर त्याचं क्षितिज. पंचवीस मीटरवरच्या दिव्याला दहा मैल, शंभर मीटरवरच्याला वीस. म्हणून भूशिर उंच असेल तर मनोरा बुटका चालतो. अर्धं बांधकाम निसर्गानं फुकटात करून दिलेलं असतं!

बंदर झालं त्याच १९४८ मध्ये लायबेरियानं परदेशी मालकांच्या जहाजांना आपला झेंडा देण्याचा कायदा केला. मालक कुठलाही, खलाशी कुठलेही, कर कमी. पुढच्याच वर्षी एका ग्रीक मालकाचा ‘वर्ल्ड पीस’ हा टँकर नोंदला गेला. आज अशी पाच हजारांवर जहाजं आहेत. २०२३ मध्ये तर एकूण टनेजमध्ये, या धंद्यात आघाडीवर असलेल्या पनामालाही मागे टाकलं. कारभार चालतो अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून. १९८९ ते २००३ या काळात दोनदा यादवी पेटली, तरी नोंदणी थांबली नाही. मेसुराडोचा दिवा मात्र बंद पडला आणि पुढं वर्षानुवर्षं बंदच राहिला. दुरुस्तीसाठी परदेशी मदतीची वाट पाहण्याची पाळी आली.

मोठ्या जहाजांचं फारसं अडलं नाही. त्यांच्याकडे जीपीएस आहे, रडार आहे. अडतं ते वेस्ट पॉइंटमधल्या कोळ्यांचं. शहराच्या कडेला, वाळूच्या पट्टीवर, पत्र्याच्या झोपड्यांची ही दाट वस्ती. एक-दोघांनी वल्हवायच्या क्रू होड्या आणि घानाहून आलेल्या फांटी कोळ्यांच्या लांबलचक, इंजिन लावलेल्या होड्या शेजारी शेजारी वाळूवर ओढलेल्या. समुद्र ही पट्टी खात चाललाय, घरं वाहून जातात. अशा किनाऱ्याला रात्री होडी लावायची तर तांडेलाला वर कुठंतरी पक्की खूण हवी.

आपल्याकडे १९२७ च्या दीपगृह कायद्यानं बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांवर दिव्यांचा आकार, म्हणजे शुल्क, बसवला. लहान होड्यांना तो माफ होता. मोनरोव्हियाची गोची अशी की तिचं नाव मिरवणारी बहुतेक जहाजं तिच्या बंदरात फिरकतच नाहीत. मग आकार घ्यायचा कुणाकडून? माझ्या मते तो नोंदणीच्या फीमध्येच घालावा. बिल तसंही व्हर्जिनियातून जातंच. त्यात दिव्यासाठी एक ओळ वाढवायची.