वणव्यावर जगणारा पक्षी

(दृश्य: रेताड माळ, माणसाच्या उंचीची पाइनची झाडं)

अमेरिकेच्या उत्तरेला, मोठ्या सरोवरांच्या कुशीत मिशिगन राज्य आहे. तिथलं हे जंगल. उंच वृक्ष नाहीत, गर्द सावली नाही. वाळू आणि तिच्यात तग धरून राहिलेली काटक जॅक पाइन. इथे जपण्यासारखं काय असणार, असं वाटू शकतं. जूनमधल्या सकाळी मात्र शेंड्यावरून खणखणीत शीळ ऐकू येते. करड्या-निळ्या पाठीचा, पिवळ्या पोटाचा हा कर्टलँड वॉर्बलर. वजन जेमतेम 14 ग्रॅम.

(दृश्य: गवतात दडलेलं घरटं)

याचं घरटं फांदीवर नसतं. ते जमिनीवर, पाइनच्या खालच्या फांद्यांच्या आडोशाला, गवतात असतं. पावसाचं पाणी वाळूत झटकन मुरतं आणि घरटं कोरडं राहतं. झाडं पाच-सहा वर्षांची झाली की वॉर्बलर येतात. विशीच्या आसपास खालच्या फांद्या वाळतात, आडोसा संपतो, आणि ते जागा सोडतात.

त्यांना सतत कोवळं जंगल लागतं, आणि पूर्वी ते वणव्यांतून मिळायचं. जॅक पाइनचे बहुतेक शंकू राळेने घट्ट चिकटलेले असतात. आगीच्या धगीने राळ वितळते, शंकू उघडतात, बी राखेत पडतं. माणसांनी वस्त्या वसवल्या आणि वणवे विझवायला सुरुवात केली. त्यात त्यांचं चुकलं असं कसं म्हणावं? पण जंगल म्हातारं होत गेलं.

त्यात काउबर्डची भर पडली. हा मुळात बायसनच्या कळपांमागे फिरणारा, गवताळ प्रदेशातला पक्षी. जंगलं तुटून शेतं झाली तसा तो इथवर पोचला. आपल्याकडे कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, तसा हा वॉर्बलरच्या घरट्यात घालतो. काउबर्डचं धष्टपुष्ट पिल्लू चारा हिसकावतं आणि वॉर्बलरची पिल्लं उपाशी मरतात.

1961च्या गणनेत 502 गाणारे नर होते. 1971मध्ये 201 उरले. पुढच्याच वर्षापासून सापळे लावून काउबर्ड पकडायला सुरुवात झाली. घसरण थांबली, पण आकडा वाढेना. 1987मध्ये तो 167 होता. घरट्यांना जागाच नव्हती.

(दृश्य: जळालेले, काळे बुंधे)

5 मे 1980. मायो गावाजवळ, याच पक्ष्यासाठी वनखात्याने लावलेली आग वाऱ्यामुळे हाताबाहेर गेली. चाळीसहून जास्त घरं आणि इमारती भस्मसात झाल्या. एका तरुण वनकर्मचाऱ्याचा जीव गेला. त्याचं स्मरण केल्याशिवाय ही हकिकत पुढे नेणं आम्हाला बरं वाटत नाही. त्या राखेतून हजारो हेक्टरांवर पाइन उगवली आणि दशक सरता सरता वॉर्बलर तिथे घरटी करू लागले. संख्या वाढली ती तिथून.

आता आगीचं काम बरंचसं माणसं करतात. वयात आलेली पाइन तोडून लाकूड विकायचं आणि मोकळ्या जागेत रोपं लावायची. रोपं सरळ रांगांत लावून भागत नाही. लाटांसारख्या ओळी आखून मध्ये मोकळे तुकडे सोडावे लागतात, कारण वणव्यानंतरचं जंगल असंच विस्कळीत उगवतं.

2019मध्ये कर्टलँड वॉर्बलर संकटग्रस्त जातींच्या यादीतून बाहेर पडला. 2021च्या गणनेत सुमारे 2,245 जोड्या होत्या. विस्कॉन्सिन आणि कॅनडातल्या ओंटारियोतही काही जोड्या घरटी करतात.

(दृश्य: बहामाचा किनारा, झुडपांत चरणाऱ्या शेळ्या)

हिवाळ्यात हे पक्षी बहामा बेटांवर असतात. तिथेही त्यांना कोवळी झुडपंच लागतात, त्यांची फळं ते खातात. शेळ्या चरतात तिथे अशी झुडपं टिकून राहतात, म्हणून शेळ्या पाळणारी कुटुंबंही या कामातली भागीदार आहेत.

यादीतून नाव गेलं, तरी काम सुटलेलं नाही. आज लावलेल्या रोपांत वॉर्बलर यायला पाच-सहा वर्षं जातील. ती झाडं मोठी होईपर्यंत पुढची लागवड तयार असावी लागेल. त्यासाठी पैसा दरवर्षी उभा करावा लागेल आणि काउबर्डवरची नजरही हटवता येणार नाही.