वॉकेड नाही, वॉक्ट

नमस्कार मंडळी, आज इंग्लिशमधला साधा भूतकाळ घेऊया, पण रेडिओवर तक्ता दाखवता येत नाही आणि माझ्या मते तो नसलेलाच बरा, कारण ही गोष्ट कानानेच जास्त चांगली समजते.

बहुतेक क्रियापदांना शेवटी ई-डी लागतं हे सगळ्यांना माहितीय, पण ते बोलायचं कसं हे शाळेत फारसं कोणी सांगत नाही, म्हणून मग वॉकेड, कुकेड, वॉशेड असं सगळीकडे ऐकू येतं. जुन्या इंग्लिशमध्ये तो मधला स्वर खरंच बोलायचे, नंतर बोलण्यातून गेला आणि स्पेलिंगमध्ये तेवढा राहिला. आता गळ्यावर बोट ठेवा आणि वॉक् म्हणा. शेवटच्या क् ला गळा थरथरला नाही ना, मग तिथे हलकासा ट, वॉक्ट. तसंच कुक्ट, वॉश्ट, स्टॉप्ट, लाफ्ट. आता कॉल् म्हणा, ल् लांबवा, बोटाला थरथर लागेल, तिथे ड, म्हणजे कॉल्ड, क्लीन्ड, प्लेड. आणि मूळ शब्दच ट किंवा ड वर संपत असेल तरच इड म्हणायचं, वॉन्टिड, नीडिड, वेटिड, कारण ट ला लगेच दुसरा ट जोडून वेगळा ऐकवताच येत नाही. बस, एवढंच आहे हे, परत एकदा मोठ्याने म्हणून बघा.

आता गो चं वेंट. ते मुळात वेंड नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाचं रूप, गो ला येऊन चिकटलं. पण आपण तरी जा चं जाला कुठे म्हणतो, गेला म्हणतो, कर चं केलं, ये चं आला. रोज तोंडात असलेल्या क्रियापदांची जुनी रूपं टिकतात, म्हणून ईट-एट, सी-सॉ, टेक-टुक ही पाठच करावी लागतात, त्याला इलाज नाही. पुट आणि कट तर बदलतच नाहीत, आणि रीड लिहायला तेच पण बोलायला रेड.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो डिड ला. मराठीत "मी गेलो नाही", म्हणजे नाही आलं तरी गेलो तसंच राहतं, म्हणून मुलं अगदी सहज आय डिड नॉट वेंट म्हणतात, त्यांना यावरून प्लीज ओरडू नका, ती मराठीच्या नियमाने बरोबर चाललीयेत. फक्त सांगा की डिड मध्ये भूतकाळ आला, आता पुढे गो च. आय डिड नॉट गो. प्रश्नातही तसंच, डिड यू ईट?

आणि एक सोपं आहे हं, आपल्याकडे आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं, आणि इंग्लिशमध्ये काहीही खा, कोणीही खा, एट म्हणजे एटच. तेव्हा आज जेवताना घरातल्यांनी दिवसभरात काय केलं ते एकेक वाक्यात सांगा, आय कुक्ट, आय वेटिड फॉर द बस, आय डिड नॉट गो टू द मार्केट, जमेल तसं, पण मोठ्याने.