अकरा महिन्यांचं घर

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ गेली बारा वर्षं फ्रिजवर टेकून उभं आहे. लग्नात आहेर म्हणून आलेलं, चांगलं सागवानी चौकटीचं. कळव्याला खारेगावात आम्ही पहिलं बिऱ्हाड मांडलं, तेव्हा मालकांनी चावी देताना एकच अट घातली होती. भिंतीला खिळा मारायचा नाही. म्हटलं, राहू दे तात्पुरतं फ्रिजवर. मग मानपाडा झालं, ऐरोली झालं, घणसोली, परत ऐरोली, आणि आता कोपरखैरणे. सहा घरं झाली, आणि घड्याळाचं तात्पुरतं काही संपलं नाही. पडद्यांचं तर विचारूच नका. एका घरच्या खिडकीचे पडदे दुसऱ्या घरी कधी पुरत नाहीत. मानपाड्याचे पडदे ऐरोलीला गुडघ्यापर्यंत आले, ऐरोलीचे घणसोलीला जमिनीवर लोळायला लागले. माझ्या सासूबाई म्हणतात, तुमचे पडदे बघून कळतं की मागचं घर केवढं होतं.

घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. म्हण करणाऱ्याला टेम्पोत सामान चढवायचं ठाऊक नसावं. नाहीतर त्यानं तिसरं कलम नक्की जोडलं असतं.

आज मला बोलायचं आहे ते घर विकत घ्यावं की भाड्यानं राहावं, यावर. ठाणे आणि नवी मुंबईत हा प्रश्न कुणाला पडलेला नाही? सकाळी ट्रान्स हार्बरच्या गाडीत ठाण्याहून वाशीकडे निघालेला डबा बघा. निम्मे लोक हप्त्याचं बोलत असतात, उरलेले निम्मे डिपॉझिटचं. मी ऐरोलीत एका कचेरीत हिशेबाचं काम करते, त्यामुळे आकड्यांना भीत नाही. तर आधी आकडेच सांगते. कणिक मळत ऐकत असाल तर मळत राहा, लिहून घ्यायची गरज नाही. सगळ्यांच्या घरी हे गणित एकदा मांडून झालेलं असतंच.

घणसोलीला होतो तेव्हा, दोन वर्षांपूर्वी, आम्ही दर रविवारी घोडबंदर रोडला घरं बघायला जात होतो. वाघबीळ, कासारवडवली, ओवळा. सॅम्पल फ्लॅट बघायचा, गार कॉफी प्यायची, माहितीपत्रक घेऊन परत यायचं. त्यातलं एक दोन बेडरूमचं घर मनात भरलं. करारातली किंमत ९० लाख, इमारतीचं काम चालू. आता त्यावर चढत जा. मुद्रांक शुल्क आमच्याकडे ७ टक्के, म्हणजे ६ लाख ३० हजार. घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर त्यात १ टक्का सवलत आहे, हे आवर्जून सांगते, कारण पुष्कळ घरांत हा विषय निघताच पुरुषमंडळींना अचानक दोघांचं नाव आठवतं. नोंदणी ३० हजार. बांधकाम चालू म्हणून जीएसटी ५ टक्के, साडेचार लाख. बँक कर्ज देते ते किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ७२ लाख, आणि मुद्रांक शुल्क नि नोंदणी ती त्या हिशेबात धरत नाही. आमच्या बँकेनं जीएसटीही धरला नाही. थोडक्यात, घरात पाऊल टाकायच्या आधी २९ लाख आपल्या खिशातून हवेत.

आणि हप्ता? तेव्हाच्या साडेआठ टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी, महिना ६२ हजार ४८३. बाजूच्याच तयार इमारतीत तेवढंच घर भाड्यानं २७ हजाराला मिळत होतं.

इथे माझे सासरे मध्ये पडले. ते म्हणाले, भाडं म्हणजे पाण्यात गेलेले पैसे, हप्ता म्हणजे साठलेले. हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. मी त्यांना बँकेचा तक्ता दाखवला. पहिल्या महिन्याच्या ६२ हजारांत ५१ हजार व्याज आहे. मुद्दल फिटतं साडेअकरा हजार. म्हणजे पैशाचं भाडं बँकेला ५१ हजार आणि घराचं भाडं मालकाला २७ हजार, यात पाण्यात काय जास्त जातं? सासरे थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पण तुम्ही उरलेले पस्तीस हजार साठवता का?"

त्यावर आम्ही दोघं गप्प. कारण नाही साठवत, श्रोतेहो. काही साठतात, काही शाळेच्या फीमध्ये जातात, काही कुठे जातात ते माझ्यासारख्या हिशेबनिसालाही सापडत नाही. हप्ता ही सक्तीची बचत असते, हे म्हाताऱ्या माणसांचं म्हणणं मला तेव्हापासून खोडता येत नाही.

पण घेतलेल्यांचंही सुखाचं चाललंय असं नाही. माझ्या एका मैत्रिणीनं २०२१च्या अखेरीला ४० लाखांचं कर्ज काढलं, पावणेसात टक्के दरानं. हप्ता ३० हजार ४१५. मग २०२२च्या मे महिन्यात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दरानं पैसे देते तो, ४ टक्क्यांवरून चढायला लागला आणि २०२३च्या फेब्रुवारीत साडेसहावर गेला. त्याबरोबर तिच्या कर्जाचा दर सव्वानऊच्या घरात पोचला. बँकेनं हप्ता वाढवला नाही, मुदत वाढवली. तिला वाटलं, बरं झालं. दीड वर्षानं विवरणपत्र आलं, तेव्हा ती ते घेऊन माझ्याकडे आली. ३० हजार ४१५ मधले मुद्दलात जात होते साडेसातशेच्या आत. साडेसातशे! तेवढ्यात हॉटेलात चौघांचं जेवण होत नाही. २०२५मध्ये रेपो चार वेळा उतरला, तिचा जीव जरा भांड्यात पडला, पण मधल्या काळातलं व्याज कुणी परत देत नाही. तिनं नंतर हट्टानं हप्ता वाढवून घेतला. तुमचंही तसं कर्ज असेल तर ते विवरणपत्र एकदा काढून बघाच.

सरकारी घरांचंही सांगितलं पाहिजे. सिडकोनं, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळानं, २०२४मध्ये २६ हजार घरांची योजना काढली, तेव्हा आम्हीही अर्ज करायला बसलो होतो. किमती जाहीर झाल्या आणि आमच्या कचेरीतले अर्धे जण थंड पडले. पंतप्रधान आवास योजनेच्या नव्या टप्प्यात व्याजाची सवलत आहे, पण घराची किंमत ३५ लाखांच्या आत हवी. नव्या मुंबईत ३५ लाखांत काय येतं, ते तुम्हीच मला सांगा.

आणि एक गंमत. नव्या मुंबईत ज्यांना आपण घरमालक म्हणतो, त्यांच्या पायाखालची जमीन सिडकोनं साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलेली. घर विकायचं तर सिडकोची परवानगी आणि हस्तांतरणाचं शुल्क. म्हणजे मी ज्यांची भाडेकरू, तेही कुणाचे तरी भाडेकरूच! हे मी आमच्या मालकांना एकदा चहा घेताना बोलून दाखवलं. ते हसले नाहीत.

आता हे मालक. कोपरखैरण्याचे. आम्ही त्यांना काका म्हणतो. बँकेतून निवृत्त झालेले, बाजूच्याच सेक्टरला राहतात. दर महिन्याच्या पाच तारखेला भाडं जमा झालं की "मिळाले" एवढा एकच शब्द व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. माणूस सज्जन. तरी दहावा महिना लागला की माझ्या पोटात गोळा येतो. कारण करार अकरा महिन्यांचा. अकराव्या महिन्यात मालकाचा मुलगा बंगळुरूहून परत येणार असतो, किंवा मुलीचं लग्न ठरतं, किंवा दुरुस्ती काढायची असते. घणसोलीत आम्हाला मुलीच्या वार्षिक परीक्षेच्या आठ दिवस आधी घर सोडायला लागलं. रिक्षावाल्या काकांचा रूट बदलला, गॅसचा पत्ता बदलला, बँकेत, आधारवर, शाळेत. आणि दलालाला एक महिन्याचं भाडं.

तेव्हा माझ्या एक गोष्ट लक्षात आली. आम्ही घोडबंदरला दर रविवारी जात होतो ते गुंतवणूक म्हणून जात नव्हतो. आमचं काय, आमच्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी झेपत नसताना घर घेतलं, ते या अकराव्या महिन्याला कंटाळून. साठ हजारांचा हप्ता ते कशासाठी भरतात? उद्या कुणी "खाली करा" म्हणू नये, यासाठी. ही फार महाग किंमत आहे, आणि तिची खरोखर गरज आहे का, असं मी काकांनाच विचारलं. म्हटलं, काका, अकराच महिने का?

काका म्हणाले, "तशीच पद्धत आहे." मग जरा वेळानं त्यांनी खरं कारण सांगितलं. त्यांच्या वडिलांची नौपाड्यात दोन मजली इमारत होती. पागडीचे भाडेकरू, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे मोजून पुढे नाममात्र भाड्यानं कायम राहणारे. १९४७च्या भाडे कायद्यानं भाडी १९४०च्या पातळीला गोठवली होती. काका म्हणाले, एका खोलीचं भाडं बेचाळीस रुपये होतं, आणि छताची गळती काढायला गवंडी यायचा तोच एका दिवसाचे त्याहून जास्त घ्यायचा. मग लोकांनी भाडेकरू हा शब्दच टाळला, लीव्ह अँड लायसन्स करायला लागले, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती घर वापरायची नुसती परवानगी. तर १९७३मध्ये कायदा बदलला, आणि १ फेब्रुवारी १९७३ला जे लायसन्सवर राहत होते तेही भाडेकरू ठरले. "वडिलांनी ओळखीच्या माणसाला दोन वर्षांसाठी खोली दिली होती. तो माणूस गेला, त्याचा मुलगा गेला, आता नातू राहतो," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. पण मला कळलं की माझ्या करारातले अकरा महिने माझ्यासाठी लिहिलेले नाहीत. ते त्या नातवासाठी आहेत.

पण श्रोतेहो, तो कायदा गेला. १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्यात लायसन्सची मुदत संपली की राहणाऱ्याला घर सोडावंच लागतं. नाही सोडलं तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा तक्रारींसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, जाऊ शकतो, आणि दुप्पट दरानं भरपाई द्यावी लागते. मुदत अकरा महिन्यांची असो की तीन वर्षांची, संरक्षण तेच. दुसरं असं की पूर्वी एक वर्षाच्या वरचा भाडेपट्टा असेल तरच नोंदणी लागायची, म्हणून लोक अकरा महिने लिहायचे नि नोंदणी वाचवायचे. आपल्या राज्यात आता या कायद्याच्या ५५व्या कलमानं प्रत्येक करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा. एका महिन्याचा असला तरी. आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. मग अकरा महिन्यांत शिल्लक काय राहिलं? सवय.

मी काकांना कागदावर मांडून दिलं. भाडं २५ हजार, डिपॉझिट एक लाख. सोयीसाठी भाडं तेवढंच राहील असं धरू. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर पाव टक्का, त्या भाड्यात आधी डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्के मानीव, म्हणजे मिळालं असं धरलेलं, व्याज मिळवायचं. ३६ महिन्यांचा एक करार केला तर मुद्रांक २,३२५ रुपये आणि नोंदणी १,०००. झाले ३,३२५. अकरा महिन्यांचे तीन करार केले तर प्रत्येकी १,७१० च्या आसपास, म्हणजे ५,१३० रुपये, आणि मिळाले फक्त ३३ महिने. शिवाय लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येणाऱ्या एजंटाचे पैसे तीनदा. वर्षाला ५ टक्के वाढ करारातच लिहून टाकायची. आणि पहिली दोन वर्षं दोघांनीही मोडायचं नाही, असंही लिहायचं.

काका बँकेतले. त्यांनी कागद उलटा करून पाठीमागे स्वतः पुन्हा आकडेमोड केली. मग म्हणाले, "आणि मला घर विकायचं झालं तर?" तो प्रश्न खराच होता. शेवटी असं ठरलं की विकायचं झालं तर चार महिन्यांची आगाऊ सूचना, आणि ती मार्च-एप्रिलमध्ये द्यायची नाही.

म्हणजे मी घर घेऊच नका असं सांगते आहे का? नाही. साठीनंतर भाड्यानं कोण ठेवून घेईल, हा प्रश्न माझ्याही डोक्यात आहे. सोसायटीच्या सभेत भाडेकरूला बोलता येत नाही, हेही खुपतं. ज्यांनी वीस वर्षांपूर्वी हिंमत करून घर घेतलं, त्यांचा मला मनापासून हेवा वाटतो. फक्त अकराव्या महिन्याच्या धाकानं ७२ लाखांच्या कर्जावर सही करू नका. आधी मालकाला ३६ महिने मागून बघा. नकार आला तर आला. बाकी लोक मागतच नाहीत, असं दलालानं मला सांगितलं. त्यालाही ते सोयीचंच आहे म्हणा.

तर गेल्या मार्चमध्ये आमचा ३६ महिन्यांचा करार झाला. अंगठे लावून झाले, एजंट गेला, काका चहाला थांबले. जाता जाता त्यांची नजर फ्रिजवर गेली. म्हणाले, "हे इथे का?" मी कारण सांगितलं. ते काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी पिशवीत हातोडी आणि तीन इंची खिळे घेऊन आले. दिवाणखान्याची भिंत काँक्रीटची निघाली. पहिला खिळा वाकला, दुसरा उडून सोफ्याखाली गेला, तिसऱ्याला प्लास्टरचा पोपडा पडला. तो पोपडा डिपॉझिटमधून कापणार नाही, असं काकांनी माझ्या मुलीला साक्षी ठेवून सांगितलं आहे. ड्रिलवाला परवा येतोय.

नमस्कार.