टाचदुखीवरचे उपचार : महिन्याचा हिशेब आणि वर्षाचा हिशेब

सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टेकवले की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ येते, दहा-वीस पावलांनंतर ती ओसरते आणि बराच वेळ बसून उठले की पुन्हा तशीच उठते, हा अनुभव या सभागृहातल्या अनेकांना असेल. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत जाणारा जो जाड, चिवट पट्टा तळव्याची कमान ताणून धरतो, त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात आणि जुनाट टाचदुखीत बहुतेक वेळा या पट्ट्याचे टाचेकडचे टोक दुखावलेले असते. एक्स-रेमध्ये दिसणाऱ्या ‘वाढलेल्या हाडा’ची धास्ती मात्र घेऊ नये, कारण तसे हाड मुळीच न दुखणाऱ्या टाचांमध्येही सर्रास आढळते.

उपचारांची तुलना करताना मी रुग्णांना एकच प्रश्न विचारायला सांगतो : आराम कधी मिळणार आणि किती दिवस टिकणार? स्टेरॉइडच्या इंजेक्शनचेच पाहा. ऑस्ट्रेलियात ८२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत औषधाचे इंजेक्शन घेतलेल्यांचे दुखणे चौथ्या आठवड्यात निश्चित कमी होते, पण बाराव्या आठवड्यापर्यंत नुसते सलाइन टोचलेल्यांच्या आणि त्यांच्या दुखण्यात फारसा फरक उरला नव्हता. शिवाय वारंवार इंजेक्शने घेतल्याने पट्टा फाटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा धोका असतो. लग्नकार्य तोंडावर आले आहे आणि पाऊल टेकवत नाही, अशा वेळी एखादे इंजेक्शन घेणे मला गैर वाटत नाही. मात्र तेवढ्याने दुखणे बरे झाले असे समजून व्यायाम सोडणारे रुग्ण पुन्हा येतात, हे मी वर्षानुवर्षे पाहतो आहे.

व्यायामाचा हिशेब याच्या उलट चालतो, कारण तो पहिल्या आठवड्यात जवळजवळ काहीच देत नाही. सकाळी पाऊल जमिनीला लावण्यापूर्वी पलंगावरच बसून दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यावा, पायाची बोटे हाताने नडगीकडे ओढावीत आणि तळव्यावर अंगठा फिरवून पाहावा. पट्टा तारेसारखा ताठ लागला की ताण योग्य बसला. दहा अंक मोजेपर्यंत असे धरून दहा वेळा करावे, दिवसातून तीनदा. अमेरिकेत १०१ रुग्णांवर केलेल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठ आठवड्यांनंतर हा ताण पोटरीच्या नेहमीच्या ताणापेक्षा सरस ठरला. पुढे डेन्मार्कमधील ४८ रुग्णांच्या अभ्यासात बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, पायरीच्या कडेवर एका पायाने टाच सावकाश वर उचलण्याचा व्यायाम एक दिवसाआड दिला गेला. तीन महिन्यांनी हा गट तळवा ताणणाऱ्या गटाच्या पुढे होता, वर्षअखेरीस मात्र दोन्ही गट बरोबरीला आले. याचा अर्थ मी असा घेतो की जो व्यायाम आपल्याकडून खरोखर नित्यनेमाने होईल तो निवडावा.

पादत्राणांबाबत थोडक्यात सांगतो. घरातही मऊ तळाची चप्पल वापरावी, टाचेखाली गादी असावी. पण पायाचा साचा घेऊन घडवलेले महागडे इनसोल तयार इनसोलपेक्षा फार सरस ठरलेले नाहीत. शॉकवेव्ह, म्हणजे यंत्राने टाचेवर ध्वनिलहरींचे धक्के देण्याचा उपचार, याबद्दलच्या चाचण्या एकमेकींशी जुळत नाहीत, म्हणून व्यायामाला काही महिने दिल्यावरच त्याचा विचार करावा, आणि शस्त्रक्रियेचा त्याच्याही नंतर.

आपल्याकडे तापवलेल्या विटेवर रुईचे पान ठेवून टाच शेकण्याची रीत आहे. उबेने बरे वाटते, हे खरे आहे. परंतु मधुमेहामुळे पायाची संवेदना गेलेल्या एका आजी माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांच्या टाचेवर रुपयाएवढा फोड होता आणि चटका बसल्याचे त्यांना कळलेही नव्हते. तो फोड भरायला टाचदुखीपेक्षा अधिक काळजी घ्यावी लागली. ज्यांना मधुमेह आहे, ज्यांची टाच रात्री विश्रांतीतही ठणकते, ज्यांच्या तळव्याला मुंग्या येतात किंवा ज्या तरुणांच्या दोन्ही टाचा आणि कंबर सकाळी आखडलेली असते, त्यांनी मी सांगितलेला कोणताही उपाय सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.