फ्रिजमधल्या बाटल्या: डॉ. जॉन केड यांची आठवण

नमस्कार श्रोतेहो.

१६ नोव्हेंबर हा डॉ. जॉन केड यांचा स्मृतिदिन. १९८० साली याच तारखेला ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात हा मनोविकारतज्ज्ञ गेला. मागे पत्नी जीन आणि चार मुलगे होते. उन्माद, म्हणजे मन बेभान चढलेलं असण्याचा आजार. त्याच्या रुग्णाला लिथियम, म्हणजे या नावाच्या धातूचा क्षार, देऊन शांत करता येतं, हे जगाला दाखवणारा हा माणूस. त्यांची गोष्ट मात्र दवाखान्यातून नाही, घरातल्या फ्रिजपासून सांगायला हवी.

मेलबर्नच्या उत्तरेला बुंडूरा म्हणून भाग आहे. तिथे युद्धावरून मन मोडून परतलेल्या सैनिकांचं मनोरुग्णालय होतं. केड कुटुंब राहायचं ते याच आवारात. त्यांच्या घरच्या फ्रिजमध्ये, खाण्यापिण्याच्या जिनसांशेजारी, बाटल्या असत. त्यात रुग्णांची लघवी असे. किळस वाटली ना? पण कारण ऐका. लघवी बाहेर तशीच राहिली की जंतू त्यातल्या युरियाचा अमोनिया करून टाकतात. केड यांना तपासायचा होता नेमका तो युरिया. प्रयोगशाळा म्हणाल, तर वॉर्डातली वापरात नसलेली कोठीची खोली. मग थंड जागा कुठली? घरातली. जीन स्वतः परिचारिका होत्या. त्यांनी आपल्या फ्रिजमध्ये ही जागा दिली. मोठ्या माणसांवरच्या मृत्युलेखात पुरस्कारांची यादी असते, पण फ्रिजमधली जागा देणाऱ्या बायकोचं नाव शेवटच्या ओळीत येतं, तेही 'पश्चात' या शब्दानंतर. हे बदलायला हवं.

ही लघवी कशासाठी जमवली जात होती? थोडं मागे जाऊ. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं आणि सैन्यात डॉक्टर असलेले केड जपान्यांचे युद्धकैदी झाले. चांगीच्या छावणीत साडेतीन वर्षं गेली. घरी जीन आणि लहान मुलं. छावणीत उपासमार, जीवनसत्त्वांची कमतरता, आणि त्यात भ्रमिष्ट होणारी माणसं. केड यांना शंका आली की या वेडाचं मूळ शरीरात असणार. रक्तात काहीतरी जास्त होत असेल, किंवा काहीतरी कमी पडत असेल. जास्त होत असेल, तर ते लघवीत उतरायला हवं. ही शंका घेऊनच ते १९४५ साली घरी परतले.

आता प्रयोग. नीट ऐका, कारण यात एक सुंदर चूक आहे.

केड यांनी उन्मादाच्या रुग्णांची लघवी घेतली आणि ती गिनी पिगच्या पोटात टोचली. तुलनेसाठी इतर रुग्णांची आणि निरोगी माणसांचीही टोचली. जास्त मात्रा दिली की प्राणी मरायचे. पण उन्मादाच्या काही रुग्णांची लघवी फारच कमी मात्रेत जीव घेत होती. मारणारा पदार्थ युरिया, हे कळलं. मग त्याचा जोर वाढवतं कोण? केड यांना वाटलं, लघवीतलाच दुसरा एक पदार्थ, युरिक अॅसिड. आता युरिक अॅसिड टोचायचं तर ते पाण्यात विरघळायला हवं, आणि ते तर विरघळत नाही. म्हणून त्यांनी त्याचा सगळ्यात सहज विरघळणारा क्षार घेतला, लिथियम युरेट. लिथियम आलं ते केवळ विरघळवण्यासाठी. पुन्हा सांगते, लिथियम औषध म्हणून आलंच नव्हतं, ते विरघळवायला आणलं होतं.

आणि झालं उलटंच. विषाचा जोर वाढायच्या ऐवजी कमी झाला! मग त्यांनी युरिक अॅसिड बाजूला ठेवलं आणि फक्त लिथियम कार्बोनेट घेतलं. आठ टक्के युरियाच्या द्रावणाने दहापैकी पाच गिनी पिग मेले होते. त्याच युरियात अर्धा टक्का लिथियम कार्बोनेट घातलं, तर दहाच्या दहा जगले. शेवटी नुसतं लिथियमच टोचून पाहिलं. साधारण दोन तासांनी ते चपळ, दचकणारे प्राणी सुस्त झाले. जागे होते, पण उताणे केले तरी धडपडत नव्हते, वर बघत पडून राहायचे. तास-दोन तासांनी पूर्ववत.

युरिक अॅसिडचा सिद्धांत पुढे चुकीचा ठरला. ते प्राणी शांत नव्हते, विषबाधेने मलूल झाले होते, असंही आज बरेच संशोधक मानतात. पण केड यांच्या मनात एक प्रश्न उभा राहिला, आणि तो प्रश्न बरोबर होता. रुग्णाला देण्याआधी त्यांनी लिथियम स्वतः घेतलं. आधी एकदा, मग पुन्हा पुन्हा. काही बिघडत नाही, हे पाहिलं आणि मगच पुढचं पाऊल टाकलं.

२९ मार्च १९४८. कागदोपत्री 'डब्ल्यू. बी.' अशी आद्याक्षरं असलेला ५१ वर्षांचा रुग्ण. पाच वर्षं अखंड उन्मादात. सतत बडबड, मोडतोड, अस्वच्छता, प्रत्येकाच्या कामात लुडबुड. वॉर्डातला सगळ्यात त्रासदायक माणूस. त्याला लिथियम सायट्रेट सुरू केलं. २० ग्रेन, म्हणजे सुमारे सव्वा ग्रॅम, दिवसातून तीन वेळा. चौथ्या दिवशी केड यांना फरक जाणवला, पण हा आपला आशावाद तर नाही ना, अशी शंकाही त्यांनी नोंदवली. पाचव्या दिवशी शंका उरली नाही. माणूस स्थिर झाला होता, नीटनेटका राहू लागला होता. तीन आठवड्यांत तो बरं होत आलेल्यांच्या वॉर्डात गेला, आणि ९ जुलैला घरी. पाठोपाठ जुन्या कामावरही रुजू झाला.

पुढचा भाग घराघरात ऐकण्यासारखा आहे. बरं वाटलं तसा डब्ल्यू. बी. गोळ्यांबाबत ढिला पडला आणि शेवटी त्याने त्या बंदच केल्या. साधारण सहा आठवड्यांत, जानेवारी १९४९ च्या अखेरीस, तो पुन्हा उन्मादात रुग्णालयात आला. लिथियम पुन्हा सुरू झालं आणि दोन आठवड्यांत तो सावरला. बरं वाटतंय ते गोळीमुळे, म्हणून गोळी थांबवायची नाही. हे त्या पहिल्याच रुग्णाने दाखवून दिलं होतं.

दहा उन्मादरुग्णांचे निष्कर्ष ३ सप्टेंबर १९४९ रोजी ऑस्ट्रेलियातल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. दहाही सुधारले होते. आणि १९५० साली डब्ल्यू. बी. लिथियमच्या विषबाधेने गेला. केड हादरले. त्यांनी आपल्या रुग्णालयात लिथियम थांबवलं.

चूक कुठे होती? औषधाचं रक्तातलं प्रमाण मोजलं जात नव्हतं. उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत लिथियमच्या बाबतीत फार थोडं अंतर आहे. मेलबर्नमध्येच नोआक आणि ट्राउटनर या संशोधकांनी १९५१ साली शंभराहून अधिक रुग्णांचा अनुभव मांडला, रक्तातली पातळी मोजण्याची वाट तिथेच रुळली. १९५४ मध्ये डेन्मार्कच्या मॉगेन्स शाऊ यांनी काटेकोर चाचणी केली. अमेरिकेत मान्यता मिळायला १९७० उजाडलं. तिथे १९४९ मध्ये हृदयरुग्णांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड दिलं गेलं होतं आणि त्यातून मृत्यू झाले होते. कारण सरळ आहे. मूत्रपिंड लिथियमला मिठातल्या सोडियमसारखंच वागवतं. अंगात मीठ कमी पडलं की ते सोडियम धरून ठेवतं, आणि त्याबरोबर लिथियमही.

म्हणून ज्यांच्या घरात ही गोळी चालू आहे, त्यांनी जेवणातलं मीठ एकदम कमी करू नये, एकदम वाढवूही नये. भरपूर पाणी प्यावं. लिथियमची पातळी तपासायला रक्त द्यायचं ते शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी. सकाळची गोळी रक्त देऊन झाल्यावर घ्यायची, आधी नाही. गोळी आधी घेतली तर आकडा खोटा चढलेला दिसतो. पातळी साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर असावी. १.५ च्या वर धोका. मूत्रपिंड आणि थायरॉइडची तपासणी दर सहा महिन्यांनी. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक मनाने घेऊ नये, त्याने पातळी चढते.

केड यांचे वडीलही डॉक्टर. पहिल्या महायुद्धानंतर तेही मनोरुग्णालयांत काम करत, त्यामुळे जॉन लहानपणीच अशा आवारात वाढले. रुग्ण त्यांच्यासाठी शेजारीपाजारी होते. मनोरुग्णालयाच्या अधीक्षकाचं घर आवारातच असावं, या मताची मी आहे. रात्रीचा आरडाओरडा ज्याला घरात ऐकू येतो, त्याला वॉर्डातली कमी कुठे आहे ते फाइल न उघडता कळतं. १९५२ ते १९७७, पंचवीस वर्षं, केड मेलबर्नच्या रॉयल पार्क मनोरुग्णालयाचे अधीक्षक होते.

शेवटी एक गोष्ट, आणि ही लिहून ठेवा. लिथियम घेणाऱ्याला उलट्या-जुलाब लागले, हात जोरात थरथरू लागले, बोलणं अडखळलं, चालताना तोल जाऊ लागला, तर पुढची गोळी देऊ नका. त्याच दिवशी रुग्णालयात न्या आणि तिथे पोचताच पहिलं वाक्य हे सांगा, 'हे लिथियम घेतात, शेवटची गोळी अमुक वाजता घेतली.' पुन्हा सांगते. गोळी थांबवा, रुग्णालय गाठा, आणि वेळ सांगा.

नमस्कार.