तोंडी आदेश

[पडद्यावर: पत्र्याची जुनी ट्रंक. तळातून एक हात कापडात गुंडाळलेले कागद बाहेर काढतो.]

प्रत्येक घरात अशी एक जागा असते. सातबारा, घरपट्टीच्या पावत्या, मुलांचे दाखले, आणि सगळ्यांत खाली विम्याची पॉलिसी. पगार हातात आला की आधी हप्त्याचे पैसे बाजूला निघायचे, मग वाण्याचं बिल. सणाला नवं लुगडं आलं नाही तरी चालेल, पण हप्ता चुकता कामा नये. कारण घरातला कर्ता माणूस उद्या नसला, तर पोरांच्या शिक्षणाला हाच कागद कामी येणार होता.

आयुर्विमा महामंडळाचं बोधचिन्ह आठवून पाहा. दोन तळहात, त्यांच्या आडोशाला तेवणारी ज्योत, आणि गीतेतले शब्द: योगक्षेमं वहाम्यहम्. योग म्हणजे नाही ते मिळवणं. क्षेम म्हणजे आहे ते राखणं. दुसऱ्याचा पैसा सांभाळणाऱ्याचं काम याहून नेमकं कुणी सांगितलेलं मला माहीत नाही.

ही गोष्ट त्या पैशाची आहे. १९५७ सालची.

तिची सुरुवात मात्र दीड वर्ष आधी, १९ जानेवारी १९५६ च्या रात्री होते. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख रेडिओवर बोलतात आणि आयुर्विम्याचा धंदा सरकारने ताब्यात घेतल्याचं देशाला सांगतात. तोवर कुठेही वाच्यता नव्हती. कुणकुण जरी लागली असती, तरी काही कंपन्यांतला पैसा रातोरात हलला असता. देशी, परदेशी मिळून २४५ विमा कंपन्या आणि सोसायट्या एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ ला महामंडळ उभं राहिलं. तेव्हा देशमुख अर्थमंत्री नव्हते. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी आधीच राजीनामा दिला होता. त्यांच्या जागी आले टी. टी. कृष्णम्माचारी.

महामंडळाच्या कायद्यात दोन गोष्टी घालून दिल्या होत्या. पैसा कुठे गुंतवायचा याचा सल्ला द्यायला गुंतवणूक समिती. आणि कलम २१. जनहिताच्या धोरणाबाबत सरकारला महामंडळाला काही सांगायचं असेल, तर सांगता येईल. पण लेखी.

हा ‘लेखी’ शब्द लक्षात ठेवा.

[पडद्यावर: कलकत्ता, पन्नासच्या दशकातील छायाचित्रं. शेअर बाजाराबाहेरची गर्दी.]

जून १९५७. कलकत्त्याचे हरिदास मुंदडा कर्जात रुतले होते. कंपन्या विकत घ्यायच्या, शेअर तारण ठेवून पैसा उचलायचा आणि त्यातून पुढची कंपनी घ्यायची, ही त्यांची रीत. आता ती अंगाशी आली होती. त्यांनी अर्थखात्याचे मुख्य सचिव एच. एम. पटेल यांच्याकडे प्रस्ताव ठेवला. आणि महिना संपायच्या आत महामंडळाने मुंदडांच्या सहा कंपन्यांचे सुमारे १ कोटी २४ लाख रुपयांचे शेअर विकत घेतले. रिचर्डसन अँड क्रडास, जेसप, ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन ही त्यातली काही नावं.

गुंतवणूक समितीला विचारलं नाही. शेअर बाजाराची नस ओळखणारी माणसं त्या समितीत होती. त्यांच्यापुढे कागद ठेवला असता, तर त्यांनी पहिला प्रश्न काय विचारला असता हे सांगायला पंडित लागत नाही.

आणि लेखी आदेश? तो नव्हताच.

ज्यांनी कुठल्याही कचेरीत चार वर्षं काढली आहेत, त्यांना हे दृश्य नवं नाही. ‘वरून सांगितलंय.’ ‘साहेबांचं बोलणं झालंय.’ ‘आधी काम करून टाका, मंजुरी मागाहून घेऊ.’ फाइलवर टिपणी नाही, शेरा नाही, तारीख नाही. ज्याने सांगितलं त्याचा हात मोकळा राहतो आणि सही करणारा अडकतो. नाही म्हणावं, तर बदलीची भीती. नुसतं ‘साहेब, हे लेखी द्याल का?’ एवढं विचारायलासुद्धा छाती लागते. मला वाटतं, नोकरीत नीतीचा प्रश्न बहुतेक वेळा असाच समोर येतो. लाचेचं पाकीट घेऊन नाही, तर घाईघाईने आलेल्या फोनच्या रूपाने.

डिसेंबर १९५७ मध्ये लोकसभेत फिरोज गांधी उभे राहिले. ते सत्ताधारी पक्षाचे खासदार आणि पंतप्रधान नेहरूंचे जावई. विमेदारांचा पैसा असा कुणाच्या सांगण्यावरून गेला, बाजारभावाहून चढी किंमत का मोजली, असं त्यांनी सरकारला उघड विचारलं. आपल्याच बाकांवरून, आपल्याच घरच्या सरकारला.

चौकशी आली मुंबईच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्याकडे. छागलांनी ठरवलं, सुनावणी उघड्यावर होईल. मुंबईत माणसं ऐकायला लोटली, आत जागा पुरेना म्हणून बाहेर ध्वनिवर्धक लावले गेले. एका पॉलिसीचा धनी असलेला कारकून आणि देशाचे अर्थमंत्री, दोघांच्या कानावर एकच साक्ष पडत होती. या सगळ्या प्रकरणातलं मला सर्वांत आवडणारं दृश्य हेच आहे.

साक्षींमध्ये काय बाहेर आलं? पटेल म्हणाले, मंत्र्यांची संमती होती. मंत्री म्हणाले, आपण व्यवहाराला मंजुरी दिलीच नव्हती. शेअर बाजार सावरण्यासाठी ही खरेदी केली, हा खुलासा छागलांना पटला नाही. दोन मोठी, हुशार, अनुभवी माणसं एकमेकांसमोर उभी होती आणि कोण खरं हे दाखवायला मधे एक कागद नव्हता. चार ओळींची टिपणी असती, तरी पुरलं असतं.

छागलांनी २४ दिवसांत चौकशी संपवली. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं: सचिवाने जे केलं त्याची जबाबदारी मंत्र्याचीच, मला ठाऊक नव्हतं असं म्हणून ती झटकता येत नाही. विमेदारांचा पैसा विमेदारांच्या हितासाठीच वापरायचा. महामंडळ स्वायत्त आहे, सरकारने त्याच्या रोजच्या कामात हात घालायचा नाही, आणि काही सांगायचंच असेल तर लिहून द्यायचं. फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला.

पुढचं थोडक्यात. कृष्णम्माचारी काही वर्षांनी मंत्रिमंडळात परतले, १९६३ मध्ये पुन्हा अर्थमंत्री झाले. पटेल सरकारी नोकरीतून बाहेर पडले, पण राजकारणात आल्यावर १९७७ मध्ये तेही अर्थमंत्री झाले. या व्यवहारात पटेलांनी स्वतःच्या खिशात काही घातलं, असं सिद्ध झालं नाही. म्हणूनच हे प्रकरण मला जास्त बोचतं. चोराला पकडणं सोपं असतं. इथे कर्तबगार माणूस होता, फाळणीच्या धामधुमीत देशाचं काम केलेला, आणि तरीही त्याने समितीची पायरी ओलांडून पुढे पाऊल टाकलं. वेळ वाचवायला, की वरिष्ठांच्या मनातलं ओळखून? ते त्याचं त्याला माहीत.

[पडद्यावर: मुंबई, नरिमन पॉइंट. महामंडळाची ‘योगक्षेम’ इमारत.]

ही महामंडळाच्या मुख्य कचेरीची इमारत. नावच योगक्षेम. बाहेर लोकलने येणारी-जाणारी माणसं आहेत आणि गावोगावच्या शाखांमधून कुणी ना कुणी आजही खिडकीशी हप्त्याची पावती मागतं आहे.

पावती लेखी असते. त्यावर रक्कम असते, तारीख असते.

[पडद्यावर: ट्रंकेतली ती पॉलिसी. हात तिची घडी घालून पुन्हा कापडात गुंडाळतो.]